आमच्यातला जावई

४ जून, मंगळवार

आज एका अनोळखी बाईने माझे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून घेतले, भिंगातून चांगले निरखले, आणि "हे काय झालंय हो?" असं एकदाही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मला तर चुकल्यासारखंच झालं. ठेवणीतलं उत्तर तयार होतं, ते वाया गेलं.

या बाई जनुक-सल्लागार. अशीही नोकरी असते हे आजच कळलं. ठकीचा तिसरा महिना संपत आलाय. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी तिचे हात पाहिले, शेजारी बसलेल्या जावयाचे पाहिले, पुन्हा तिचे पाहिले, आणि चिठ्ठी देऊन इकडे पाठवलं. ठकी म्हणाली, "आई, तूही चल. डाग तुझ्याकडून आलेत." जणू मी उसने दिले होते आणि परत मागायला विसरले.

डाग म्हणजे पंजाच्या वरच्या बाजूला, मनगटापासून बोटांपर्यंत, गडद आणि पांढुरके ठिपके, एकमेकांत मिसळलेले. पावलांवरही तसेच. दुखत नाहीत, खाजत नाहीत, कुणाला लागत नाहीत. आजीला होते, आईला होते, मला आहेत, ठकीला आहेत. आजी म्हणायची उन्हाने आले, आई म्हणायची साबणाने. मावशी सांगायची, लहानपणी गरम दूध सांडलं. दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांवर एकाच वेळी बेताने दूध सांडून घेणारी आमची मावशी एकटीच.

बाईंनी खरं कारण सांगितलं. एडार नावाचं एक जनुक आहे. आपल्या पेशीत मूळ मजकूर कुलूपबंद असतो आणि रोजच्या कामासाठी त्याच्या नकला निघतात, त्यांना आरएनए म्हणतात. या जनुकावरून एक प्रथिन तयार होतं. ते त्या नकलांमधून हिंडतं आणि मधलं एखादं अक्षर बदलतं. कशाला? तर काही नकला स्वतःवरच दुमडून जोडपट्टी होऊन बसतात, आणि विषाणूंच्या पट्ट्याही हुबेहूब तशाच दिसतात. जोडपट्टी दिसली की पेशीचा पहारेकरी बोंब मारतो. अक्षर बदललं की घडी सैल पडते आणि त्याला समजतं, हे घरचंच माणूस आहे.

"म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकावरचा रखवालदार," मी म्हटलं. "बिल्ला दिसला नाही तर तो हेडबाईंनाही अडवतो."

"अगदी तसाच," बाई हसल्या. "या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली तर दुसरी निभावून नेते. मग नुसते ठिपके येतात, तुमच्यासारखे."

"आणि दोन्ही बिघडल्या तर?" ठकीने विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. दोन्ही बिघडल्या तर बिल्ले वाटायला कुणी उरत नाही. पहारेकरी घरच्याच माणसांवर तुटून पडतात, बाळाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच, आणि सगळ्यात आधी मेंदूवर.

ठिपके ठकीला आहेत आणि जावयालाही आहेत. दोघांचेही याच कारणाने असले, तर बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक.

"तुम्हाला कधीपासून आहेत?" बाईंनी जावयाला विचारलं.

"झाले की बरेच दिवस."

"लहानपणापासून?"

तो ठकीकडे बघायला लागला. माणसाला स्वतःचं बालपण बायकोला विचारावं लागतं, अशी वेळ. मीच म्हटलं, "जन्मापासून आहेत. त्याने स्वतः सांगितलंय आम्हाला." त्याने मान खाली घातली. बिचारा.

"पावलं बघू?"

"आज नको," तो म्हणाला. "सकाळपासून बुटात आहेत. वास येईल."

बाईंनी आग्रह केला नाही. म्हणाल्या, "नाहीतरी नुसत्या कातडीवरून मी काही बोलणार नाही. एकही ठिपका नसलेल्या माणसातसुद्धा हा बिघाड लपलेला असू शकतो. रक्त काय ते सांगेल." दोघांचं रक्त घेतलं. काही आठवडे लागतील म्हणाल्या. काही म्हणजे किती, हे विचारायचा धीर मला झाला नाही. मला. ज्या बाईला बघून पालकसभेतून पालक पळतात, तिला.

८ जून

ठकीच्या लग्नाची गोष्ट आधी दोन ठिकाणी निघाली होती. पहिल्या ठिकाणी मुलाच्या आईने तिच्या हातांकडे बघत मला हळूच विचारलं, "हे लागतं का हो दुसऱ्याला?" मी म्हटलं, "लागतं, पण अक्कल असलेल्यांनाच. तुम्ही बिनधास्त राहा." ते स्थळ तिथेच संपलं. दुसऱ्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त ठकीने दिलेला कप पुसून घेतला.

मग हा आला. म्हणजे ठकीच त्याच्याकडे गेली. तो बूट बनवतो. ज्यांना बाजारातले बूट होत नाहीत, त्यांच्यासाठी. वाकडी पावलं, सपाट पावलं, एक पाय आखूड. ठकीची टाच दुखायची म्हणून ती गेली, आणि माप द्यायला मोजा काढेना. हा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलेला. त्याने आपले दोन्ही पंजे पालथे करून तिच्यासमोर धरले. वर गडद आणि पांढरे ठिपके. म्हणाला, "माझेही आहेत. जन्मापासून." ठकीने मोजा काढला.

ती घरी आली तेव्हाच मला कळलं की आता बुटांच्या खूप जोड्या होणार.

मला माणसं चटकन आवडत नाहीत, पण हा आवडला. अख्ख्या जगात एक मुलगा असा सापडला, ज्याला माझ्या मुलीच्या हातांचा खुलासा द्यावा लागणार नव्हता. मी ह्यांना म्हटलंही, "हा आमच्यातला." हे म्हणाले, "आणि मी?" मी म्हटलं, "तुम्ही बाहेरून पाठिंबा देणारे."

आता बघा. ज्या गोष्टीसाठी जावई डोक्यावर घेतला, तीच नातवंडाच्या मुळावर आली.

१२ जून

ठकीला झोप लागते. ती जेवते. काल तर पाळणा बघून आली, चाकांचा. मला फोटो दाखवून विचारते, "पिवळा की हिरवा?" मी म्हटलं, "आधी निकाल तर येऊ दे." तर म्हणाली, "पाळण्याला निकाल कशाला लागतो?"

हा धक्का आहे. माणूस फार घाबरलं की असं शांत होतं, मी वाचलंय.

दोघं कुजबुजतात, तेही माझ्या लक्षात आलंय. मी बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. ठकी बोलायच्या आधी खुणा करायला शिकली, आणि जावईही लग्नानंतर बऱ्यापैकी शिकला. त्यामुळे आमच्या घरात गुपित बोलायचं तर तोंडाने बोलावं लागतं, हातांचं मला सगळं समजतं. आज मी खोलीत शिरले आणि दोघांची तोंडं बंद झाली. मग ठकी म्हणाली, "आई, बस. तुला एक सांगायचंय. याच्या हातांचं—"

"एक अक्षर बोलू नकोस," मी म्हटलं. "त्याच्या हातांना या घरात कुणी दोष देणार नाही. आपण तिघं एका नावेत आहोत. जे होईल ते तिघांचं." पुढेही बरंच म्हणाले, छान म्हणाले. जावयाचे डोळे भरून आले. ठकी छताकडे बघत होती.

ह्यांनी बाहेर मला विचारलं, "अगं, पोरगी आनंदात आहे. तुला नेमकं काय खुपतंय?"

"तेच."

१७ जून

आज विहीणबाईंकडे जाऊन आले. कुणाला न सांगता. त्यांच्याकडचे डाग कुठून आले, हे समजलं तर काही अंदाज बांधता येईल, असं वाटलं. त्यांचे स्वतःचे हात स्वच्छ आहेत, म्हणजे नवऱ्याकडून असणार, आणि ते आता हयात नाहीत. विहीणबाई एकट्याच राहतात, दुकानाच्या वरच्या खोलीत. भल्या आहेत. जरा हळू बोलतात.

चहा झाल्यावर मी सरळ विषय काढला. "तुमच्या घराण्यात हातावर ठिपके आधी कुणाला होते?"

"ठिपके?" त्यांनी विचार केला. "कुणाला नाही बाई."

हे वाक्य मी ओळखते. आमच्याच घरात तयार झालेलं आहे ते. 'आमच्याकडे असं काही नाही' म्हणत माझ्या आजीने तीन मुली उजवल्या.

"विहीणबाई, माझ्यापासून काय लपवायचं? हे बघा." मी माझे हात पुढे केले. "मीही त्यातलीच."

"लपवत नाही हो. तो जन्मला तेव्हा हात कसे, लोण्यासारखे."

"सगळ्यांचे असतात. माझे ठिपकेही शाळेत जायला लागल्यावर उमटले."

"याचे तर दुकान सुरू केल्यावर आले. तळ चिकटवायचा गोंद असतो ना, त्याने. रंग उडतो कातडीचा. वर चामड्याच्या रंगाचे काळे डाग पडतात, ते वेगळे."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. ऊन झालं, साबण झाला, दूध झालं, आता गोंद. प्रत्येक घरात एक आई असते आणि तिच्याकडे एक कारण असतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "असू दे. माझी आईही असंच सांगायची. मला समजतं."

"अहो पण कारागिरांच्याही—"

"समजतं मला," मी म्हटलं. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की जणू मलाच कुणीतरी समजून घ्यायची गरज आहे.

घरी येताना वाटलं, पुरुषांच्या आया किती भाबड्या असतात.

१८ जून

शाळा. दोन तास चुकीचा धडा शिकवला, मुलांनी शेवटी सांगितलं.

खुणांच्या भाषेत माणसाचं नाव त्याच्या दिसण्यावरून पडतं. हेडबाईंचं नाव हनुवटी. माझं नाव म्हणजे एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या पंजाच्या पाठीवर टपटप टपटप. यात कुजकेपणा काही नाही. रस्त्यावर मी बाह्या बोटांपर्यंत ओढते, वर्गात ओढून चालत नाही, हातांनीच बोलायचं असतं. दिवसभर तीस डोळे माझ्या ठिपक्यांकडे बघत असतात आणि त्यांना त्यात फक्त गणित दिसतं.

हे सगळं आज का आठवतंय? बाळाला नुसते ठिपके आले तर मी शाळाभर मिरवीन. नुसतेच येऊ देत.

२१ जून

जावई आमच्या घरी आला होता, ह्यांच्या चपलेचा अंगठा शिवून द्यायला. मी संधी साधली. "तुझ्या पायांवर कितपत आहेत रे?"

"काय?"

"ठिपके. हातांपेक्षा जास्त की कमी?"

तो चपलेकडे बघत म्हणाला, "असतील की."

असतील की! गावातल्या प्रत्येक माणसाच्या पायाची भोवरी याला तोंडपाठ, आणि स्वतःचे पाय बघितलेले नाहीत. आमच्या घरी हा कधी मोजे काढत नाही. मी ते धंद्याचं शिस्तशीर वळण समजत होते.

"काही होणार नाही, आई," तो म्हणाला. हे तो रोज म्हणतो, आणि इतक्या खात्रीने की एक लगावून द्यावीशी वाटते. मग जरा थांबून, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, "फक्त त्या बाई म्हणाल्या ना, डाग नसलेल्या माणसातही बिघाड असू शकतो. तेवढ्याचीच भीती वाटते."

"तुला आहेत ना डाग?" मी म्हटलं. "मग नसलेल्यांची काळजी तू कशाला वाहतोस?"

त्याने चपलेला विनाकारण चार टाके जास्त घातले. घाबरलंय पोरगं. घाबरलं की माणूस असंबद्ध बोलतं.

२७ जून

निकाल आला.

आम्ही चौघंही गेलो होतो. बाईंनी दार लावलं, बसल्या आणि लगेच म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही." अशी माणसं मला आवडतात. आधी हवामान, मग पाणी, मग निकाल, असं नाही. ठकीच्या जनुकात बिघाड आहे, एका प्रतीत, अपेक्षेप्रमाणे. "आणि तुमचं," त्या जावयाला म्हणाल्या, "दोन्ही प्रती नीट आहेत. पूर्ण वाचलं आम्ही. काहीही नाही."

ठकीने एकदम त्याचा दंड पकडला आणि रडायला लागली. तोही. म्हणजे तीही घाबरलेली होती तर.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "पुन्हा तपासा."

"आई!"

"बाटली बदलली असेल. त्याचे हात बघा! हात समोर दिसतायत आणि तुम्ही म्हणता काही नाही?"

मग जावई वाकला. त्याने बूट सोडले, मोजे काढले आणि दोन्ही पाय फरशीवर ठेवले. पावलं नुकत्याच विसळलेल्या बशीसारखी. एक ठिपका नाही.

"माझे गोंदाचे आहेत, आई," तो म्हणाला. "जन्मापासून नाहीत. त्या दिवशी ठकी मोजा काढत नव्हती, म्हणून म्हणालो. तोंडातून गेलं. मग परत घेता येईना."

मी ठकीकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती आणि हसत होती. "मला त्याने इथून गेलो त्याच दिवशी सांगितलं. गाडीत. पाय कोरे दिसायचे, पण मला वाटायचं, याचे हातांवरच आलेत. मी त्याच्याशी दोन तास बोलले नाही. मग इतकं हलकं वाटलं की भूक लागली."

"आणि मला?"

"किती वेळा सुरुवात केली. प्रत्येक वेळी तू भाषण केलंस. आणि तुझ्यासमोर हा असा भिजलेल्या मांजरासारखा. म्हणे, आईंनी मला हातांवरूनच पसंत केलंय."

मी ह्यांच्याकडे वळले. हे खिडकीतून बाहेर गाड्या लावायची जागा फार मन लावून बघत होते. म्हणजे ह्यांनाही माहीत होतं.

"पण मग निकालाची वाट कशाला बघत होतात?"

"बाई म्हणाल्या होत्या ना, डाग नसले तरी असू शकतं," ठकी म्हणाली. "म्हणून भीती होतीच. पण तुझ्याएवढी मोठी आमच्याकडे नव्हती."

सल्लागारबाईंनी आमचं हे सगळं होऊ दिलं. मग शांतपणे सांगितलं की बाळाला आता नुसते ठिपके येऊ शकतात किंवा तेही येणार नाहीत, शक्यता निम्मी-निम्मी. दुसरा धोका मावळला. बाळाच्या तपासणीसाठी पोटात सुई नको, पुढच्या तपासण्या नकोत. "आणि तुम्ही," त्या जावयाला म्हणाल्या, "कातडीच्या डॉक्टरांना दाखवा."

मी बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून इतकी हसले की एका परिचारिकेने पाणी आणून दिलं. पाणी पिताना कळलं, मी हसत नव्हते.

संध्याकाळी विहीणबाईंना फोन केला. "तुम्ही खरं सांगत होतात."

"मी सांगतच होते हो."

"पुढच्या वेळी ओरडून सांगा. मला तशीच सवय आहे."

३० जून

आज त्याच्या दुकानात गेले. आनंद दोन दिवस पुरला होता, आता रागाला जागा झाली होती. चांगला खडसावायचा बेत होता. खोटं बोललास, वर माझ्या घरात मोजे घालून हिंडलास, माझं भाषण ऐकून रडलास. वाक्यं रस्त्यात तयार केली होती.

दुकानाच्या मागच्या बाजूला गोंदाचं टेबल आहे. तीन कारागीर तळ चिकटवत होते. तिघांच्याही हातात कोपरापर्यंत जाड हातमोजे. जावई शेजारच्या स्टुलावर, उघड्या हातांनी, त्याच डब्यातला गोंद ब्रशने पसरत बसलेला.

मी तयार केलेली वाक्यं बाजूला ठेवली. "तुझे हातमोजे कुठे?"

"आहेत." भिंतीवर एक जोडी खिळ्याला लटकत होती, कागदाच्या वेष्टनासकट.

"यांना कधी दिलेस?"

"झाली दोन वर्षं. डॉक्टर आले होते, सगळ्यांचे हात बघितले. म्हणाले, गोंद लागायचा थांबला तर डाग हळूहळू भरून येतील." तो डब्याचं झाकण लावायला लागला. "त्यांचे आलेत बघा बरेच."

"आणि तू?"

त्याने ठिपक्यांचे दोन्ही पंजे मांडीवर ठेवले. "तेव्हा नुकतंच आमचं ठरलं होतं. माझे भरून आले असते तर ती एकटी पडली असती ना."

कारागिरांचे ब्रश थांबले होते. दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी दुकान उघडून, भिंतीवर हातमोजे असताना, आपले हात खराब करत बसलाय. कशासाठी, तर एका वाक्यासाठी. आणि ते वाक्य मी त्याला बक्षिसासारखं मिरवायला लावलं.

"मूर्ख आहेस," मी म्हटलं. त्यापेक्षा बरं काही सुचलं नाही.

"हो, आई."

"ठकीला ठिपक्यांचा नवरा नकोय, धडधाकट हवाय. आणि या हातांनी बाळाला उचललंस तर मी तुला घरात घेणार नाही. दे इकडे."

वेष्टन फाडलं. डावा हातमोजा त्याच्या हातात चढवला, एकेक बोट ओढून, बालवाडीत चढवतात तसा. बोटं जाड आहेत त्याची, वेळ लागला. मग दुसरा घेतला. तो काही केल्या बसेना. अंगठा भलतीकडे. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"दोन्ही डावेच आहेत," एक कारागीर म्हणाला.

जन्मभर डावा-उजवा करत पोट भरणारा माणूस, आणि हातमोजे घेतले ते दोन्ही डाव्या हाताचे. दोन वर्षांत एकदा तरी वेष्टन उघडलं असतं तर कळलं असतं. तो ओशाळून हसायला लागला, मग कारागीर, मग मीही. एका कारागिराला मी बाजारात पिटाळलं, नवीन जोडी आणायला, आणि बजावलं की तिथेच दोन्ही हातांत घालून बघ.

तो परत येईपर्यंत मी जावयाचा उजवा हात माझ्या हातात धरून बसले होते. गोंदाला लागू नये म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.